बोनट उघडून : पिकअप गेला कुठे?

मागच्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच आहे : गाडी साधी आहे, ऑफिसला नि भाजीला जायची, पण जरा पळायला हवी. म्हणून या वेळी नेहमीचे एसीचे नि बॅटरीचे प्रश्न बाजूला ठेवले. नवीन वाचकांसाठी सांगते, नागपूरच्या घाट रोडवरचं आमचं गॅरेज वडिलांनी सुरू केलं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाल्यावर मी त्यांच्या हाताखाली आले. तेव्हा गिऱ्हाईक दारात उभं राहून मलाच विचारायचं, "मिस्त्री कुठं गेले?" अजूनही महिन्यातून एखादा विचारतोच.

प्रश्न : ताई, माझी २०१६ ची पेट्रोल स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, ८२ हजार किलोमीटर झालेत. रोज मानेवाडा ते मिहान जातो. मित्रांच्या टर्बो गाड्या वर्धा रोडवर मला सोडून निघून जातात. एका दुकानदाराने कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), फ्री-फ्लो सायलेन्सर आणि रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणं) असं पॅकेज सांगितलंय, ६० हजारांत. वीस पीएस वाढतील म्हणतो. करून टाकू का?

उत्तर : भाऊ, आधी हिशेब. तुमच्या १.२ लिटर इंजिनाची कंपनीने सांगितलेली ताकद ८४ पीएसच्या (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) आसपास, टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ११५ न्यूटन-मीटर. हवा कोंबणारा टर्बो नाही, म्हणजे इंजिन स्वतःच्या दमावर जेवढी हवा ओढेल तेवढीच त्याला मिळणार. रीमॅपवाला त्यात काय करतो? स्पार्कचं टायमिंग थोडं पुढे घेतो, पेट्रोल किंचित वाढवतो, रेव्ह लिमिट (इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा) दोन-तीनशेने वर नेतो. त्यातून चार-सहा पीएस निघाले तर टेकडीच्या गणपतीला नारळ फोडा. हवा तेवढीच आणि ताकद जवळपास सव्वापट, हा चमत्कार करणारा माणूस मला भेटवा, मी त्याच्याकडे कामाला राहते.

आता तो कोन फिल्टर. दिसायला झकास, आवाजही छान ओढतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक पोरगा असाच फिल्टर लावलेली गाडी घेऊन आला, तक्रार अशी की "ताई, दुपारी गाडी मरून राहिली." एसीच्या जाळीत घालून बघायचा वायरवाला थर्मामीटर आमच्याकडे असतो. त्याची वायर मी फिल्टरच्या तोंडाशी टेपने चिकटवली, काचेच्या फटीतून आत घेतली आणि दोघं व्हरायटी चौकापर्यंत जाऊन आलो. बाहेर ४४ अंश. सिग्नलला उभं राहिलो तसा आकडा चढत गेला आणि ६८ वर थांबला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच रस्त्याने, कंपनीचा काळा प्लॅस्टिकचा डबा परत बसवून गेलो : ४९.

हा फरक का पडला ते सोपं आहे. कंपनीचा डबा नळीने बोनटच्या पुढच्या कडेजवळची बाहेरची हवा घेतो. उघडा कोन मात्र रेडिएटर नि इंजिन यांच्या मधली भट्टीची हवा पितो. गरम हवा पातळ असते. केल्विनमध्ये मोजलं तर ४९ म्हणजे ३२२ आणि ६८ म्हणजे ३४१. भागाकार करा, साडेपाच टक्के हवा कमी. ८४ पीएसवर साडेचार पीएस तिथेच गेले, म्हणजे रीमॅपने जे द्यायचं ते फिल्टरने आधीच खाल्लं. गाडी पळायला लागली की फरक कमी होतो, हे खरं. पण मानेवाडा ते मिहान तुम्ही पळता किती आणि सिग्नलला उभे किती राहता, ते तुम्हालाच माहीत. आमचे चाचा (वडिलांच्या वेळेपासूनचे मिस्त्री, वय विचारू नका) एवढंच म्हणाले, "हवा गरम, गाडी नरम."

त्यामुळे सवाल असा की गाडीत ८४ पीएस आज तरी आहेत का? ८२ हजार किलोमीटरनंतर बहुधा नसतात. येत्या रविवारी एवढं करा. चारही चाकं एकेक करून जॅकवर उचला, गाडी न्यूट्रलला, हॅण्डब्रेक खाली, आणि हाताने चाक फिरवून सोडा. पुढचं चाक गिअरबॉक्समुळे जरा जड फिरेल. मागचं दोन-तीन फेरे सहज घ्यायला हवं. अर्ध्या फेऱ्यात थांबलं तर ड्रममध्ये लायनर घासतंय किंवा हॅण्डब्रेकची केबल मोकळी होत नाही. पिकअप गेला म्हणून आमच्याकडे आलेल्या कितीतरी गाड्यांचा रोग हाच निघतो. ब्रेक दाबून गाडी चालवायची आणि पॉवर कमी पडते म्हणून ६० हजार मोजायचे!

मग एअर फिल्टर काढा. सिमेंट रोडच्या कामांनी आपल्या गावात जी बारीक पांढरी धूळ उडते, ती त्याच्या घडीघडीत बसते. मागच्या पावसाळ्यात एका गाडीच्या फिल्टरच्या डब्यात शेंगांच्या टरफलांचा ओंजळभर ढीग निघाला. उंदीर तिथे बसून आरामात खात होता. मालक म्हणाला, "म्हणून अॅव्हरेज गेलं होय!" थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून घ्या, प्लग जुने असतील तर कंपनीने सांगितलेलेच नवे लावा. इरिडियमचे प्लग जास्त टिकतात, ताकद वाढवत नाहीत. क्लच घसरतो का तेही बघा : चौथ्या गिअरला ५० वर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा चढला आणि गाडीचा वेग तिथेच राहिला तर पैसे क्लच प्लेटला ठेवा.

आणि एक बोलू का, राग मानू नका. तुमच्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क ४००० आरपीएमला येतो, पूर्ण पॉवर ६००० ला. तुम्ही बहुतेक २००० ला गिअर बदलून चौथ्यात ओव्हरटेक करता. टर्बोवाल्या मित्राला खालीच टॉर्क मिळतो, म्हणून तो निघून जातो. तिसऱ्यात ओढून बघा एकदा. फुकट आहे.

एवढं करून पैसे उरतीलच. ते टायर आणि ब्रेकला लावा. व्हीएक्सआयला १६५/८० आर १४ (१६५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची त्याच्या ८० टक्के, रिम १४ इंची) येतात, वरच्या झेडएक्सआयला त्याच गाडीत कंपनीच १८५/६५ आर १५ देत होती. पहिल्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५, म्हणजे वेगाचा काटा खोटं बोलणार नाही, टायर मडगार्डला घासणार नाही, आणि रुंदी वाढल्याने वळणावर नि ब्रेक लावताना गाडी जमीन धरेल. झेडएक्सआयची जुनी अलॉय चाकं बघून घ्या, पण लेथवाल्याकडून एकेक फिरवून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढे चांगले ब्रेक पॅड आणि नवं ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. मी विचारलं की दहांपैकी नऊ जण म्हणतात, "ते बदलायचं असतं?"

प्रश्न : मुलाने गाडीला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलाय. आम्ही प्रतापनगरला राहतो, शेजारी रोज बोलतात. तो म्हणतो, याने गाडी फास्ट होते आणि कायद्यात काही अडचण नाही. खरं काय?

उत्तर : काकू, दोन्ही खोटं. आधी फास्टचं बघू. माझ्याकडे असाच एक पक्का श्रद्धाळू आला होता. त्याला म्हटलं, पैज. रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही उमरेड रोडच्या बाजूला एक मोकळा, सरळ तुकडा गाठला. तिसऱ्या गिअरला ४० वरून ८० पर्यंत, मोबाइलचं स्टॉपवॉच, तीन वेळा जुन्या सायलेन्सरवर. तिथेच गॅरेजच्या व्हॅनमधून सामान काढून नवा बसवला, परत तीन वेळा. दोन्हींच्या सरासरीत जो फरक आला तो अंगठ्याने बटण दाबायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी होता. त्याला तरी वाटत होतं की गाडी उडून राहिली. कान फसवतात हो. टेम्पोचा आवाजही मोठाच असतो.

पूर्ण एक्झॉस्ट इंजिनापासून नीट गणित करून बनवला आणि त्यासोबत ट्यूनिंग केलं तर थोडं काही मिळतं. नुसता मागचा डबा बदलून मिळतो तो आवाज. त्याहून वाईट म्हणजे काही जण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी धूर साफ करणारा डबा) काढून तिथे सरळ पाइप जोडतात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत पुढे-मागे सेन्सर असतात, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि मग पोरं आमच्याकडे "ताई, तो दिवा तेवढा बंद करून द्या" म्हणत येतात. मी करून देत नाही. कन्व्हर्टर काढलेल्या गाडीच्या मागे स्कूटरवर मी पण असते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : आरसीवर कंपनीच्या मूळ वर्णनाप्रमाणे जे नोंदलंय त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं. बेकायदा बदल केलेल्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे मुलाला दोनदा वाचून दाखवा. आवाज आणि धुराच्या नियमांसाठी कलम १९० वेगळं आहे, त्यात पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत जातं. आणि विमा : अपघात झाला की सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतोच. न कळवलेला बदल सापडला की क्लेम अडकायला कारण मिळतं.

जुना सायलेन्सर त्याने विकला नसेल तर गच्चीवर किंवा पलंगाखाली असेल. तासाभराचं काम आहे, घेऊन या.

प्रश्न : माझी २०१५ ची पोलो जीटी टीएसआय आहे, डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). पुण्याचा एक ट्यूनर स्टेज वन रीमॅप करून १०५ चे १३५ पीएस करून देतो म्हणतो. हीसुद्धा फसवणूकच का? – बेसा

उत्तर : नाही, ही नाही. इथे आकडा पटण्यासारखा आहे. टर्बो असलेल्या इंजिनाला हवा कोंबून दिली जाते, आणि किती कोंबायची ते कॉम्प्युटरच्या हातात असतं. कंपनी तिथे बरीच सूट राखून ठेवते : खराब पेट्रोल, आळशी मालक, लडाखची थंडी नि आपला मे, सगळ्यांना पुरेल अशी. ट्यूनर त्यातली थोडी सूट वापरतो. लक्षात ठेवा, ती फुकट पडलेली नव्हती.

तुमच्या गाडीत मी पॉवरपेक्षा टॉर्कचा आकडा आधी विचारेन. मूळ १७५ न्यूटन-मीटर. रीमॅपनंतर २३० च्या पुढे बऱ्याचदा जातो. आणि तुमच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीला बनवणाऱ्यांनी २५० ची मर्यादा सांगितली आहे. म्हणजे काठावरच. नव्या गाडीत ठीक, दहा वर्षं झालेल्या क्लचवर मी २२० च्या वर जाऊ देणार नाही. ट्यूनर चांगला असेल तर खालच्या गिअरला टॉर्क कमी ठेवून देतो, तशी मागणी करा. सीताबर्डीच्या गर्दीत ही गाडी इंचाइंचाने सरकवू नका, पुढच्या गाडीला दहा फूट जाऊ द्या आणि मग ब्रेक सोडा. ड्राय क्लच घासून घासूनच तापतो.

दुसरं, रीमॅप कधी करता? डिसेंबरात पुण्याला केलेला रीमॅप डिसेंबरात पुण्यालाच चांगला वाटतो. आपल्याकडे पारा ४५ वर गेला की आत येणारी हवा तापते, इंजिन नॉक करायला लागतं (पेट्रोल अवेळी पेटून आत ठोके बसतात), सेन्सरला कळतं आणि कॉम्प्युटर टायमिंग मागे खेचतो. तुम्ही पैसे दिलेले पीएस दुपारी बारा ते पाच सुट्टीवर. म्हणून ट्यूनरला सांगा की मे महिन्यात मी नागपुरात गाडी चालवून डेटा लॉग पाठवीन, त्यावरून फाइल दुरुस्त करून द्यावी लागेल. जो "गरज नाही" म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका. आधीचा आणि नंतरचा डायनो रन (मशीनवर पॉवर मोजणं) एकाच दिवशी, एकाच मशीनवर हवा. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घरी आणा.

स्वस्तातला मार्ग म्हणून कुणी पेडलला जोडायची छोटी डबी दाखवेल, थ्रॉटल कंट्रोलर. पाय पाव दाबला तर ती कॉम्प्युटरला अर्धा दाबल्याचं सांगते, बस. पूर्ण दाबल्यावर गाडी जेवढी होती तेवढीच.

प्रश्न : समृद्धीने मुंबईला नेहमी जातो. बलेनोला मूळ साइझऐवजी २०५/६५ आर १५ टाकले तर गाडी उंच नि दणकट होईल का? नायट्रोजन भरू का? – हिंगणा रोड

उत्तर : १५ इंची रिमवर १८५/६५ चा व्यास ६२१.५ मिलिमीटर, २०५/६५ चा ६४७.५. चार टक्क्यांहून जास्त फरक. मीटर १२० दाखवेल तेव्हा तुम्ही आधीपेक्षा पाच किलोमीटर जास्त वेगात असाल, आणि समृद्धीवर कारची मर्यादा १२० च आहे. वर सगळे गिअर लांबतात, म्हणजे पिकअप पैसे देऊन कमी केला. रुंदी हवी तर १९५/६० घ्या, व्यास ६१५.

पण समृद्धीच्या ७०१ किलोमीटरवर मला साइझपेक्षा टायरच्या वयाची काळजी वाटते. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, सहा वर्षांपुढच्या टायरने मी उन्हाळ्यात तिकडे जात नाही. साइझच्या शेवटचं अक्षरही बघा, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० किलोमीटरपर्यंत. हवा घरून निघताना, टायर थंड असताना, दरवाजाच्या पट्टीवर लिहिलेली भरा. माणसं-सामान भरून असाल तर त्या पट्टीवरचा जास्तीचा आकडा घ्या. कमी हवेचा टायर काँक्रीटवर तासन्‌तास दुमडत राहतो, तापतो आणि फुटतो. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

आणि १०० ऐवजी १२० ला गाडी थांबवायची तर ब्रेकला ४४ टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. वरचं ब्रेक ऑइल आठवतंय ना?

प्रश्न : महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकल्याने साध्या गाडीची पॉवर वाढते का? – सदर

उत्तर : ऑक्टेन म्हणजे नॉक न होता दाब सहन करायची पेट्रोलची ताकद. साध्या इंजिनाला तेवढा दाबच नसेल तर ते पैसे वाया. टर्बो किंवा रीमॅप केलेल्या गाडीला उपयोग आहे, विशेषतः उन्हाळ्यात. इथेनॉलबद्दलही तीन जणांनी विचारलंय. इथेनॉलचा मोठा पुरस्कर्ता आपल्याच गावचा, म्हणून नागपुरात हा विषय तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही तापतो. इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं असतं, पण लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. २० टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी आली. अॅव्हरेज थोडं पडलं तर इंजिन उघडायला येऊ नका. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप मात्र दर सर्व्हिसिंगला बघून घ्या.

प्रश्न : माझी २०११ ची वॅगनआर आहे. दरवर्षी मे महिन्यात कुटुंबासह चिखलदऱ्याला जातो. या वेळी परतवाड्यानंतरच्या घाटात एसी लावला की गाडी चढेचना. नातू म्हणतो, आजोबा, टर्बो बसवा. मी निवृत्त शिक्षक आहे, वय ७१. – लक्ष्मीनगर

उत्तर : सर, नातवाला शाबासकी द्या, पण टर्बो नको. तो बसवायचा तर पिस्टनपासून क्लचपर्यंत सगळं बदलावं लागेल, आणि त्या पैशात दुसरी गाडी येते.

तुमच्या एक लिटरच्या इंजिनाचे ६८ पीएस. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, चिखलदरा ११०० च्या वर. तेवढ्या चढाईत हवेचा दाब नऊएक टक्क्यांनी उतरतो. त्यातून एसीचा कॉम्प्रेसर आपला वाटा उचलतो. अवघड वळणाआधी एसी दोन मिनिटं बंद करा, दुसरा गिअर आधीच घ्या, इंजिन ओरडलं तरी घाबरू नका.

मागच्या गुरुवारी तुम्ही गाडी घेऊन आलात तेव्हा मी नव्हते. चाचांनी डिकी उघडली. त्यांनी काढलेली यादी माझ्यासमोर आहे : कूलरचा लोखंडी स्टँड, खसच्या टट्ट्यांचं जुनं बंडल, पाण्याचे दोन वीस लिटरचे कॅन (भरलेले), दहावीच्या उत्तरपत्रिकांचा असावा असा एक गठ्ठा, आणि स्टेपनीच्या जागी एक कुकर. काट्यावर सगळं मिळून ८३ किलो. म्हणजे एक अख्खा माणूस. मागची दोन्ही चाकं जॅकवर फिरवली, डावं अर्ध्या फेऱ्यात थांबलं, ते मोकळं करून दिलंय.

स्टँड गॅरेजातच ठेवलाय, रिक्षाने न्या. आणि सर, स्टेपनी कुठे आहे ते घरात एकदा विचारा.